इंधन पुरवठा, जुन्या पिकअप गाडीतील

छोट्या मालवाहू मोटारगाडीच्या टाकीतील इंधन गाळून ते योग्य क्षणी व योग्य दाबाने एंजिनाच्या सिलिंडरांपर्यंत पोहोचविणाऱ्या टाकी, नळ्या, पंप, गाळण्या आणि अंतःक्षेपक यांच्या साखळीस इंधन पुरवठा व्यवस्था म्हणतात. जुन्या गाडीत या साखळीतील एखादा दुवा सदोष झाला, की एंजिन सुरू होत नाही, चढणीवर त्याची शक्ती कमी पडते किंवा ते चालता चालता बंद पडते. पुष्कळदा दोष क्षुल्लक असतो; पण तो न ओळखल्यामुळे अंतःक्षेपण पंपाच्या खर्चिक दुरुस्तीस अकारण हात घातला जातो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी : रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर ते रस्त्यावरील वाहनांत सुलभपणे वापरता येऊ लागले. भारतात हे पंप व अंतःक्षेपक बनविणारी ‘मायको’ ही कंपनी १९५१ मध्ये बंगलोर येथे स्थापन झाली (२००८ पासून नाव बॉश लिमिटेड). तिचा एक कारखाना नाशिक येथे आहे. महाराष्ट्रात महिंद्रच्या पिकअप, बजाज टेंपोची मॅटॅडोर, १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७ इ. गाड्यांमुळे ग्रामीण मालवाहतुकीत डीझेल एंजिनाचा प्रसार झाला.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील येडशी हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर असून बार्शी–लातूर रस्ताही येथून जातो. बार्शी व लातूर येथील बाजारपेठांकडे सोयाबीन, तूर यांसारखा शेतमाल नेणाऱ्या गाड्यांना या भागात चढउतार करावे लागतात. सपाट रस्त्यावर लपलेला इंधन पुरवठ्यातील दोष अशा चढणीवर उघड होतो. कारण भार वाढताच इंधनाची गरज वाढते व अर्धवट तुंबलेली गाळणी ती भागवू शकत नाही. शिवाय टाकीत इंधन थोडे असल्यास ते एका बाजूस सरकून शोषणनळीचे तोंड उघडे पडते आणि नळीत हवा शिरते.

रचना व कार्य : एंजिनावर बसविलेला भरण पंप (फीड पंप) टाकीतील डीझेल शोषून घेतो आणि सौम्य दाबाने गाळणीतून अंतःक्षेपण पंपाकडे ढकलतो. अंतःक्षेपण पंप ते अतिशय उच्च दाबाने पोलादी नळ्यांतून अंतःक्षेपकांकडे पाठवितो. कारागीर ज्याला नोझल म्हणतात त्या टोटीतील सुई वातावरणीय दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाला उचलली जाते व डीझेलाचा सूक्ष्म तुषार सिलिंडरात उडतो. जादा डीझेल परतनळीने टाकीत येते. पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांमधील फट मिमी.च्या काही सहस्रांशांइतकीच असते. म्हणून बारीक धूळ व पाणी त्यास घातक ठरतात. डीझेल हेच या भागांचे वंगण असल्याने त्यात रॉकेलची भेसळ झाल्यास झीज वाढते.

द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. नळीत बुडबुडा असल्यास दट्ट्याचा रेटा तो दाबण्यातच खर्ची पडतो व टोटीतील सुई उचलली जात नाही. यालाच ‘गाडीने हवा घेतली’ असे म्हणतात.

तपासणी : प्रथम टाकीतील इंधन आणि टाकीचे झाकण पाहावे. झाकणातील वायुछिद्र बुजल्यास टाकीत अंशतः निर्वात निर्माण होतो. काही अंतर गेल्यावर एंजिन बंद पडते व थोडा वेळ थांबल्यास पुन्हा चालते. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज येणे ही याची खूण होय. एंजिन बंद करण्याची तार अर्धवट ओढलेली नाही, हेही पाहावे.

नंतर गाळणीच्या तळाचा निचरा करून पाणी व गाळ काढावा. अर्धी रिकामी टाकी, तसेच पिंपात साठविलेले डीझेल यांमुळे पावसाळ्यात पाण्याचे प्रमाण वाढते. गाळणी जुनी असल्यास बदलावी.

टाकी ते भरण पंप या भागात दाब वातावरणापेक्षा कमी असतो. त्यामुळे तेथील चिरलेल्या रबरी नळीतून डीझेल गळतेच असे नाही, उलट हवा आत शिरते. पंपापुढील भागात मात्र डीझेल बाहेर झिरपते. शोषणबाजूस काही काळ पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे दिसतात. भरण पंपाचा पडदा फाटल्यास काही एंजिनांत डीझेल वंगण तेलात मिसळते. तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर एंजिन चालवू नये.

हवा काढण्यासाठी गाळणीवरील स्क्रू सैल करून भरण पंपाची हातदांडी बुडबुडेरहित डीझेल येईपर्यंत चालवावी व प्रवाह सुरू असतानाच स्क्रू घट्ट करावा. मग अंतःक्षेपण पंपावरील स्क्रूच्या बाबतीत हीच कृती करावी. शेवटी अंतःक्षेपकांकडील नळ्यांच्या चाक्या किंचित सैल करून एंजिन स्टार्टरने फिरवावे व डीझेल दिसताच त्या आवळाव्यात.

स्टार्टर फिरविताना धुराड्यातून धूर मुळीच न येणे हे इंधन पोहोचत नसल्याचे, तर पांढरा धूर येणे हे ते पोहोचूनही जळत नसल्याचे लक्षण असते. भारावर काळा धूर आल्यास हवेची गाळणी व टोट्या तपासाव्यात. हे सर्व निर्दोष आढळल्यावरच अंतःक्षेपण पंप उतरवून त्याची चाचणी यंत्रावर तपासणी करावी.

पेट्रोल गाड्या : जुन्या पेट्रोल जीपमध्ये कार्ब्युरेटर व पडद्याचा पंप असतो. उन्हाळ्यात एंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह अडतो. एंजिन थंड होऊ दिल्यावर तो पूर्ववत होतो. एथिल अल्कोहॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या प्रतीचे रबरी पडदे व नळ्या लवकर खराब होतात. त्या जागी योग्य प्रतीचे भाग बसवावेत.

दक्षता : अंतःक्षेपकाच्या तुषारासमोर हात धरू नये, तो त्वचा भेदून आत शिरतो व अशी इजा लहान दिसली, तरी तातडीचे वैद्यकीय उपचार लागतात. जवळ ज्योत वा विडी नसावी. घाटात एंजिन बंद पडल्यास निर्वाताच्या साहाय्याने चालणारा ब्रेक काही वेळा दाबल्यानंतर जड होतो. म्हणून गाडी ताबडतोब कडेला घेऊन हातब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणे जिवावर बेतू शकते. घाट चढण्यापूर्वी गाळणीचा निचरा करणे व टाकीत पुरेसे इंधन ठेवणे, हे यावरील सर्वांत स्वस्त उपाय होत.