सुतावर उभी राहिलेली हवेली

दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्ग या जुन्या व्यापारी शहरात पूर्वी द्राक्षमद्याचा बाजार भरे, त्या जागी फुगर खानदानाची हवेली आहे. याकोब फुगरने ती 1512 ते 1515 मध्ये बांधली. रस्त्यावरून दिसते ती लांबलचक भिंत, आत कमानींचे चौक. राहते घर, पेढी आणि वखार, सारे एकाच ठिकाणी.

आम्हा कापडवाल्यांना या हवेलीचे विशेष वाटते. याकोबचे आजोबा हान्स 1367 साली खेड्यातून या शहरात आले, ते विणकर म्हणून. येथील खास कापड बारखेंट. त्याचा ताणा लिननचा, बाणा सुताचा. कापूस तिकडे पिकत नाही. तो शाम आणि मिसरच्या बाजूने व्हेनिसमार्गे येत असे. बारखेंट हे नावही मूळ अरबी ‘बरकान’वरून आलेले. याकोब धंदा शिकला तोही व्हेनिसमध्ये. तेथील जर्मन व्यापाऱ्यांच्या कोठीला ‘फोंदाको’ म्हणत, म्हणजे आपल्या अरबीतला ‘फुंदुक’, सराई.

पुढे कापड मागे पडले आणि खाणी व सावकारी पुढे आली. त्या काळी चर्चनेही व्याज नाजायज ठरवले होते. 1515 मध्ये योहान एक या धर्मपंडिताने बोलोन्यात पाच टक्के व्याजाच्या बाजूने वाद घातला. खर्चाची सोय फुगरने केली होती. (सोयीचा फतवा शोधणारे आपल्या बाजारातही कमी नाहीत!) 1519 मध्ये पाचवा चार्ल्स बादशहा निवडून यावा म्हणून सुमारे साडेआठ लाख गुल्डन खर्च झाले, त्यांतले पाच लाखांहून अधिक एकट्या फुगरचे. गिऱ्हाईक बादशहा असले की तगादा लावणार कोण? 1557 मध्ये स्पेनच्या राजाने दिवाळे जाहीर केले, तेव्हा पेढीची मोठी रक्कम अडकली. सतराव्या शतकाच्या मध्याला पेढी उठली.

हवेली 1944 च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, युद्धानंतर पुन्हा उभारली गेली. पण याकोबने 1521 मध्ये आपल्या वक्फसारखी एक व्यवस्था करून ठेवली होती. शहरातल्या गरजू कॅथलिक कुटुंबांसाठी फुगेराई नावाची वस्ती. जंगल आणि मालमत्तेच्या उत्पन्नावर ती आजही चालते. भाडे ठरले तेच आहे: वर्षाला एक ऱ्हाइन गुल्डन, आजचे 88 सेंट, आणि बांधणाऱ्यासाठी रोज तीन प्रार्थना.