विमानाचे तास आणि माणसाचे तास

सिंगापूरहून न्यूयॉर्कला विमानाने किती वेळ लागतो? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर भरते आणि दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. ताशी ९०० किलोमीटरने भागले, तर १७ तास येतात. प्रत्यक्षात साडेअठराच्या आसपास लागतात. कारण चढता-उतरता वेग कमी असतो आणि पाठीशी वारा मिळावा म्हणून विमान पुष्कळदा पॅसिफिकवरून लांबची वाट धरते.

आता गंमत पाहा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या १२ तास मागे असते. मध्यरात्री निघालेले विमान त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरते! काटे साडेसहा तास सांगतात. वैमानिकाचे अंग मात्र साडेअठरा सांगते. म्हणून अशा फेरीवर वैमानिकांच्या दोन जोड्या असतात. एक चालवते, दुसरी विसावा घेते. शिवाय उड्डाणापूर्वीची हजेरी आणि तयारी कामातच मोजावी लागते.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे हा हिशेब गिरणीच्या दारात शिकलो. यंत्र कितीही वेगाने धावो, विश्रांतीचे तास माणसाच्या अंगावरूनच ठरवले पाहिजेत. त्यातच प्रवाशाचीही सुरक्षितता आहे.