झमझमा: विजयाची निशाणी, घरांची किंमत

लाहोरच्या वस्तुसंग्रहालयासमोर भर रस्त्यात एका चौथऱ्यावर 'झमझमा' तोफ विराजमान आहे. १७५७ च्या सुमारास अहमदशहा अब्दालीच्या वजिराने ती ओतवून घेतली, आणि १७६१ मध्ये पानिपतावर ती मराठ्यांविरुद्ध धडाडली. परतताना अब्दालीने ती लाहोरलाच ठेवली. पुढे भंगी मिसलीच्या शिखांनी ती पळवली. १८०२ मध्ये ती रणजितसिंहाकडे आली, १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात जायबंदी झाली आणि शेवटी इंग्रजांच्या हाती पडली. ही तोफ ज्याची, पंजाब त्याचा, अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात तोफ राहिली. तिचे धनी मात्र एकामागून एक नाहीसे झाले.

परंतु या तोफेचा खरा इतिहास तिच्या धातूत आहे. लाहोरच्या घराघरांतून कर म्हणून घेतलेली तांब्यापितळेची भांडी वितळवून ती घडवली, असे परंपरा सांगते. जेत्यांची नावे इतिहासाने जपली. ज्यांच्या चुलीवरची भांडी गेली, त्यांची नावे कोठेच नाहीत. विजयचिन्हांकडे पाहताना हे विस्मरण तरी होऊ नये. युद्धाची पहिली वसुली शत्रूकडून नव्हे, आपल्याच माजघरातून होत असते.