संगणकास आज्ञा देण्यापूर्वीं

रात्रीं वीज आल्यावर विहिरीवर जावें लागूं नये, म्हणून गंगापूर तालुक्यांतील आमचे कांहीं बांधव पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवितात. त्यास आज्ञा एकच ठाऊक : वीज आली कीं पंप सुरू कर. विहीर आटलेली असली तरी तो ती पाळतो आणि मोटार जळते. दोष यंत्राचा नव्हे. आज्ञाच अपुरी होती.

संगणकाचेंहि असेंच आहे. सांगितलेलें काम तो सांगितलेल्या क्रमानें अतिशीघ्र करतो. विचार मात्र आपणांस आधींच करून ठेवावा लागतो.

तो कामाचे तुकडे पाडून करावा. तिन्ही फेज आहेत काय? विहिरींत पुरेसें पाणी आहे काय? जमीन कोरडी आहे काय? तिन्हींचें उत्तर ‘होय’ असेल तरच पंप सुरू करावा. तो चालू असतां हेच प्रश्न पुनः पुनः विचारावे, आणि एकाचेंहि उत्तर ‘नाहीं’ येतांच तो बंद करावा. क्रम, अट आणि आवर्तन : मोठमोठ्या आज्ञावलीहि ह्या तिहींवरच उभ्या असतात.

२००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एम्‌एस्‌-सीआय्‌टी अभ्यासक्रमानें खेड्यापाड्यांतील मुलांस यंत्राची ओळख करून दिली. प्रश्न फोडण्याची संवय मात्र घरींहि लावितां येते. आमची सूचना अशी कीं, वरील आज्ञा मुलांकडून कागदावर लिहवून घ्याव्या आणि त्यांस विचारावें : वीज येतांच गांवचे सर्व पंप एकदम सुरू झाले, तर रोहित्राचें काय होईल? उत्तर शोधतांना पुढची आज्ञा त्यांची त्यांनाच सुचेल.