फसवणूक गुन्हा केव्हा ठरते?

‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ पोलीस ठाण्यातून हे उत्तर घेऊन आलेली माणसं आम्हा वकिलांना नवीन नाहीत. मुळशी तालुक्यातलं मारुंजी घ्या. शेजारच्या हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि एकराचा हिशेब गुंठ्यावर आला. अशा ठिकाणी विसार पावतीवर पैसे घेऊन नंतर फोन न उचलणारा गाठ पडला, तर नवल नाही. पैसे देणाऱ्याच्या दृष्टीनं तो सरळसरळ चोर. मग पोलीस असं का म्हणतात?

आपल्या बोलण्यात फसवणुकीला शब्दांची वाण नाही. कुणी टोपी घालतं, कुणी शेंडी लावतं, कुणी गंडवतं. भाजीवाला कालची मेथी ‘आत्ताच आलीय ताई’ म्हणून देतो. पाहुणे नकोत म्हणून आपणही ‘आम्ही गावाला चाललोय’ असं सांगून मोकळे होतो. हे सगळं खोटंच. पण त्यासाठी कुणाला तुरुंगात धाडत नाहीत. शहाणासुरता माणूस तक्रार करणार नाही इतकी किरकोळ हानी कायदा गुन्हा मानत नाही. तसं स्पष्ट कलमच आहे.

कायद्याच्या मराठी भाषांतरात या गुन्ह्याला ‘ठकवणूक’ असा चांगला रांगडा शब्द आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत त्याची व्याख्या ४१५ व्या कलमात होती. तिचा गाभा असा : समोरच्याला खोटं भासवायचं आणि त्या भुलीवर त्याच्याकडून पैसा किंवा वस्तू बेइमानीनं काढून घ्यायची. शरीराला, मनाला किंवा लौकिकाला इजा होईल असं काही करायला लावलं, तरी ती ठकवणूकच. सांगायला हवी ती गोष्ट बेइमानीनं दडवून ठेवणं, हेही फसवणंच.

नुसतं खोटं पुरत नाही, याचं एक गमतीदार उदाहरण आहे. डॉ. विमला यांनी आपल्या तान्ह्या मुलीच्या नावावर जुनी ऑस्टिन मोटार घेतली आणि गाडीच्या व विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावानं स्वतःच सह्या ठोकल्या. खटला बनावट कागदपत्रांचा झाला. सही खोटी, यात वादच नव्हता. पण त्यातून बाईंना काही गैरफायदा मिळाला नाही आणि विमा कंपनीचंही काही बुडालं नाही, म्हणून १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं.

आता आपल्या विसार पावतीकडे येऊ. इथं सगळा प्रश्न वेळेचा आहे. जुन्या दंडसंहितेत नीळ विकणाऱ्याचं उदाहरण दिलेलं आहे. माल द्यायचाच नाही हे मनात धरून एखाद्यानं आगाऊ पैसे घेतले, तर ती ठकवणूक. पण पैसे घेताना माल द्यायचा इरादा होता आणि नंतर त्यानं शब्द मोडला, तर तो केवळ करारभंग; त्यासाठी दिवाणी दावा. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हेच बजावलं. २०१९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात लग्नाच्या वचनालाही हीच कसोटी लावली गेली : वचन देतानाच ते खोटं होतं, की नंतर मोडलं?

मन कुणी उघडून पाहिलंय, असं तुम्ही म्हणाल. मन दिसत नाही, पण कागद दिसतात. पैसे घेतले त्या दिवशी जमीन विकणाऱ्याच्या नावावर होती का? सातबारा खरा होता का? तोच गुंठा आधी दुसऱ्याला विकलेला होता का? एकदा विकलेली मिळकत ते न सांगता पुन्हा विकणं, हे तर जुन्या कायद्यानंच ठकवणुकीचं उदाहरण म्हणून दिलं होतं. अशा वेळी ‘दिवाणी बाब’ हे उत्तर पुरत नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा मात्र ठेवली. उलट भाव दुप्पट झाला म्हणून मालकाची नियत नंतर फिरली असेल, तर पोलिसांचं म्हणणं बहुधा बरोबर असतं. ऐकायला कडू वाटतं, पण तसं आहे.

जाता जाता : ‘चारसोबीस’ ही शिवी आता फक्त भाषेत उरली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४२० ची जागा कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमानं घेतली. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागतं.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. पोलिसांकडे अर्ज दिला म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. खरेदीखत करून मिळावं असा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ही तीन वर्षं करारात ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तारीख ठरलेली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात ती निघून गेली, तर हातात उरते ती फक्त पावती.