बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंतची वाट : काही गैरसमज

सातारा, वाई, सांगली, मिरज या गावांतून परदेशी मिशनऱ्यांच्या खुणा शाळा, दवाखाने आणि प्रार्थनामंदिरे यांच्या रूपाने ठायीठायी आढळतात. परंतु ती माणसे कोणत्या पंथाची होती आणि एखाद्याला बाप्तिस्म्यापर्यंत नेण्यात त्यांचा वाटा नेमका किती होता, याविषयी सुशिक्षितांच्याही मनात जो गोंधळ असतो, तो मॉर्मन पंथाचा विषय निघाला की अधिकच दाट होतो. सगळे गोरे पाद्री एकाच सरकारचे चाकर, ही आपली मूळ समजूत.

वस्तुस्थिती अशी, की साताऱ्यात काम केले ते अमेरिकन मराठी मिशनने, ज्याचा मुंबईतील आरंभ १८१३ चा. सांगली-मिरजेचा मुलूख हा रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या आणि पुढे प्रेसबिटेरियन मंडळीकडे गेलेल्या मिशनचा. मॉर्मनांचा या दोहोंशी काडीमात्र संबंध नाही. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क प्रांतात स्थापलेल्या त्या पंथाचे ह्यू फिंडले नामक स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईस उतरले, तेथील वृत्तपत्रांचा आणि इतर पाद्र्यांचा रोष ओढवून पुण्यास गेले, आणि १८५५ साली परतले तेव्हा त्यांच्या खटपटीचे फळ म्हणजे मूठभर अनुयायांची एक मंडळी, एवढेच होते. या पंथीयांना अनेक बायका करण्याची मुभा असते, हीही एक शिळी समजूत. त्या चालीला त्यांच्या मुख्य मंडळीने १८९० सालीच जाहीरपणे रजा दिली.

बाप्तिस्मा सगळीकडे सारखाच, असेही आपण गृहीत धरतो. प्रेसबिटेरियन तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात आणि मस्तकावर पाणी शिंपडणे त्यांना पुरेसे वाटते; मॉर्मन मात्र आठ वर्षांखालील मुलास तो देतच नाहीत, आणि देतात तेव्हा सर्वांग पाण्याखाली जावे लागते. खुद्द ख्रिस्ती जगात मॉर्मन आणि इतर पंथ यांमधील दरी इतकी रुंद, की मॉर्मनांचा बाप्तिस्मा वैध नाही असा निर्वाळा व्हॅटिकनने २००१ साली दिला.

आता घाईविषयी. मिशनरी भेटला, पुस्तक हाती दिले आणि माणूस बाटला, हे चित्र नाटकात शोभेल. मॉर्मनांचे तरुण प्रचारक जोडीजोडीने हिंडतात, पगार घेत नाहीत, पुरुष दोन वर्षे आणि स्त्रिया दीड वर्ष ही सेवा स्वतःच्या वा घरच्यांच्या खर्चाने करतात. त्यांनी शिकविलेल्या इच्छुकाला ठरलेले पाठ पुरे करावे लागतात, उपासनेस हजर राहावे लागते, दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा सोडण्याचे वचन द्यावे लागते, आणि शेवटी त्याची मुलाखत घेणारा अधिकारी हा शिकविणाऱ्याहून निराळा असतो. (पाहुण्याच्या हाती चहाचा कप दिल्यावाचून ज्याला घरी बोलावल्याचे समाधान होत नाही, अशा आपल्या मुलखात या पंथाच्या प्रचारकाची खरी कसोटी कोठे लागेल, हे सांगावयास नको.)

उपचाराच्या मोबदल्यात धर्म सोडावा लागे, हा मिशनच्या दवाखान्यांविषयीचा आक्षेप मात्र सरसकट झटकून टाकण्याजोगा नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली सांगलीत आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचे रुग्णालय उघडले, ते धर्मप्रसाराच्या हेतूनेच. मिशनच्या दवाखान्यांतून प्रार्थना होत, प्रवचने होत. दुष्काळाच्या सालांत मिशनच्या आश्रयास आलेल्यांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरे. परंतु त्यावरून तो आक्षेप सिद्ध होत नाही. मिरजेस आलेल्या रोग्यांपैकी बहुतेक जण ज्या धर्माचे आले त्याच धर्माचे परत गेले.

ख्रिस्ती झालेल्याचा वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क बुडतो, ही समजूत कंपनी सरकारच्या अमलातच १८५० च्या एकविसाव्या कायद्याने रद्दबातल ठरविली. उलट ज्या गोष्टीने खरोखर नुकसान होते ती अनेकांच्या गावीही नसते: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती होणारा त्यास मुकतो.

राहता राहिला सर्वांत चिवट भ्रम, की धर्मांतर मिशनरी करवितो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण येथे मननीय आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. पण तो प्रवासी उतरून गेला तो गेलाच. पुढचे वाचन, पत्रव्यवहार, मनाची ओढाताण हे सारे टिळकांचे एकट्याचे होते, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही भारतीय पाळकाच्या हातून. पतीच्या पाठोपाठ पत्नी आपोआप ख्रिस्ती होते असे मानणाऱ्यांनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. त्यांची वाट निराळी, विरहाची आणि स्वतःशी केलेल्या वादाची होती. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. आणि बाप्तिस्मा हाच सर्व प्रवासाचा मुक्काम, असे खुद्द टिळकांनाही अखेरीस वाटत नव्हते. मिशनची पगारी चाकरी सोडून १९१७ साली साताऱ्यास येऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्तभक्तांबरोबर न घेतलेल्यांनाही समान जागा ठेवली. मिशनऱ्यांपैकी कित्येकांना ते रुचले नाही.