फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना : फ्रिजच्या दारातल्या बाटल्या

या सदरात आज दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांची पाळी होती. त्या पुढच्या आठवड्यावर गेल्या, कारण ऑटोक्लेव्हवरच्या लेखानंतर साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवावा असा नाही. नातवाला लस टोचायला त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी फ्रिज उघडला, तर दारात आणि तळाच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या ओळीनं भरलेल्या. लशी मधल्या कप्प्यात, मोजक्या खोक्यांत. औषधांच्या फ्रिजमध्ये पिण्याचं पाणी ठेवणारे डॉक्टर बाकीच्या गोष्टींत कितपत काटेकोर असतील, असं बाईंनी विचारलं आहे.

त्या बाटल्या बहुधा पिण्यासाठी नाहीतच, आणि त्या ठेवणारे डॉक्टर काटेकोर असण्याचीच शक्यता जास्त.

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. रिकाम्या फ्रिजमध्ये असते फक्त हवा, आणि दार उघडलं की ती गार हवा बाहेर ओतली जाते. पाणी मात्र गारवा धरून ठेवतं. वीज गेली की भरलेल्या बाटल्या आतलं तापमान बराच वेळ सावरतात. दुसरा उपयोग त्याहून साधा. दारातली जागा प्रत्येक उघडझापीला तापते, म्हणून तिथं लस ठेवायची नसते. तिथं बाटल्या बसवल्या की घाईत कुणी लशीचं खोकं दारात सरकवूच शकत नाही. या बाटल्यांवर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी असावी. कुणी एक बाटली पिऊन नळाचं पाणी भरून परत ठेवली, तर त्या कोमट पाण्याला गार करण्याचं काम लशींच्या शेजारी सुरू होतं.

खरी काळजी फ्रिजच्या जातीची करायला हवी. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत बहुतेक वेळा घरगुती, एकदारी फ्रिज असतो आणि बर्फाचा कप्पा त्याच्या आतच असतो. त्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेलं खोकं सहज शून्याखाली जातं. थर्मामीटरचा काटा मधल्या कप्प्यात ५ अंश दाखवत असतो आणि मागे हेपेटायटिस-बीची कुपी गोठलेली असते. ही लस शून्याच्या किंचित खालीच गोठते.

लस गरमीनं बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती थंडीनंही मरते, हे लस हाताळणाऱ्यांतल्या अनेकांच्या ध्यानी नसतं. पल्स पोलिओच्या वर्षांत बर्फाच्या लाद्यांमधून घरोघर फिरणारी लस साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. जितकी गार तितकी चांगली, हा समज तिथूनच पक्का झाला असावा. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीपुरता तो खराही आहे. ती दीर्घकाळ ठेवायची तर उणे २० अंशांतच ठेवतात. पण त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वाताची, हेपेटायटिस-बीची, या लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि लशीचा गाभा त्यांच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. गोठल्यावर हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. दूध फाटल्यावर परत एकजीव होत नाही, तसंच हे. वितळल्यावर कुपी वरवर पूर्वीसारखी दिसते, पण तिची ताकद गेलेली असते. ती टोचल्यावर ताप येईल, टोचलेली जागा दुखेल, कार्डावर तारीख पडेल आणि बाळाला पुरेसं संरक्षण मिळणार नाही. त्या दिवशी, त्या दवाखान्यात हे कुणालाही कळणार नाही.

ओळखण्याची एक परीक्षा आहे, आणि ती फार सुंदर आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवायची, वितळू द्यायची आणि तिच्यावर तशी खूण करायची. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून जोरात हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून जास्तीत जास्त अर्धा तास पाहायच्या. गोठलेल्या कुपीतला गाळ भरभर खाली बसतो. संशयित कुपीतला गाळ त्याच वेगानं किंवा त्याहून लवकर बसला, तर ती टाकून द्यायची. ना यंत्र, ना रसायन. लशीच्या कुपीवरची वर्तुळात चौकोन असलेली खूण, जी १९९६मध्ये पोलिओ लशीपासून सुरू झाली, ती उष्णतेची हकीगत सांगते. आतला फिकट चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. पण गोठल्याचं तिला काही कळत नाही, आणि खासगी बाजारातल्या सगळ्याच कुप्यांवर ती असतेही असं नाही.

एक उलटी गोष्ट इथं सांगायलाच हवी. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची लस बऱ्याचदा शहरातल्या चकचकीत दवाखान्यातल्या लशीपेक्षा चांगली सांभाळलेली असते. केंद्रात वरून झाकण उघडणारा आयएलआर, म्हणजे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो. गार हवा जड असल्यानं झाकण उघडलं तरी ती आतच राहते. भिंतींत बर्फाचं अस्तर असल्यानं दिवसातले ८ तास वीज मिळाली तरी तो तापमान टिकवतो. दिवसातून दोनदा तापमान लिहायचा तिथं नियम आहे, आणि २०१५पासून सुरू झालेल्या ईविन योजनेत फ्रिजमधलं तापमान थेट वरच्या कार्यालयाला दिसण्याची सोय आहे. खासगी, खाटा नसलेल्या दवाखान्याकडे मात्र असं बघणारं कुणी नाही. केंद्र सरकारचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही आणि आपला नर्सिंग होमचा कायदा मुळात खाटा असलेल्या जागांसाठी आहे.

इंग्लंडमध्ये जीपी म्हणून काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना हा फ्रिज चांगलाच परिचयाचा. तिथं केअर क्वालिटी कमिशनचे निरीक्षक दवाखान्यात येतात तेव्हा लशीच्या फ्रिजची वही मागतात. घरगुती फ्रिज तिथं चालत नाही. फ्रिजचा प्लग चुकून निघू नये याचीही तजवीज करावी लागते. आपल्याकडे झाडू मारताना किंवा मोबाइल चार्ज करायला प्लग काढला जातो आणि लावायचा राहून जातो.

वहीत काय लिहायचं? आत्ताचं तापमान पुरत नाही. सोमवारी सकाळी फ्रिज ५ अंश दाखवत असेल, पण रविवारी रात्री वीज जाऊन तो १४वर जाऊन आला असेल, तर ते आत्ताच्या आकड्यात दिसणार नाही. म्हणून कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर हवा. तो सहज मिळतो. सकाळ-संध्याकाळ तिन्ही आकडे लिहायचे, मग बटण दाबून जुनी नोंद पुसायची. पुसली नाही तर गेल्या महिन्याचाच उच्चांक रोज दिसत राहतो आणि वही भरून जाते पण सांगत काहीच नाही. आकडा हद्दीबाहेर गेला असेल, तर लस लगेच फेकायची नाही आणि वापरायचीही नाही. ‘वापरू नये’ असं लिहून २ ते ८ अंशांतच वेगळी ठेवायची आणि कंपनीला विचारायचं.

वहीत दुसरा रकाना बॅच नंबरचा. त्याची किंमत कळायला परळपर्यंत जायला हवं. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली आणि त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. लस परळच्या प्रयोगशाळेतली, वाल्देमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पण मेलेले १९ जणच्या १९ जण एकाच बाटलीतले होते, आणि तिचा क्रमांक नोंदलेला होता, ५३-एन. त्यामुळे शोध त्या एका बाटलीपाशी थांबला. ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली आणि १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५पासून परळच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. बाटलीचा क्रमांक लिहिला नसता, तर १०७ जणांतले १९च का गेले याचा धागाच हाती आला नसता.

तेव्हा बाळाच्या कार्डावर लशीच्या तारखेशेजारी बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहून मागावी. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगले डॉक्टर कुपीवरचं लेबलच काढून चिकटवून देतात. बीसीजी आणि गोवराच्या लशी पावडरीच्या रूपात येतात आणि टोचण्याआधी द्रावणात विरघळवायच्या असतात. त्या द्रावणाचा बॅच नंबर वेगळा असतो, तोही दवाखान्याच्या वहीत हवा, आणि कुपी विरघळवल्याची वेळसुद्धा. कारण त्यानंतर ४ तासांत उरलेली लस टाकून द्यायची असते, मग रांगेत आणखी बाळं असली तरी.